वाऱ्याने पाडलेली झाडे

१८ मे २०२१ ची सकाळ मला चांगली आठवते. आदल्या दिवशी तौक्ते नावाचे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला समांतर असे समुद्रातून उत्तरेकडे निघून गेले होते. आमच्या जमिनीवर ते चढलेच नाही. रात्री दीव आणि उना यांच्या दरम्यान ते गुजरातेत शिरले. परंतु जाता जाता त्याच्या शेपटाचा जो फटका बसला, तेवढा डहाणू तालुक्याला पुरे झाला. चिकूच्या वाड्यांतून हिरव्या फळांचा सडा पडला होता, फांद्या मोडून लोंबत होत्या, विजेचे खांब वाकले होते. आणि सरावलीत आमच्या शाळेच्या मागे उभे असलेले जुने जांभळाचे झाड जमिनीवर आडवे झाले होते.

करोनामुळे शाळा बंदच होती. तरीही मी किल्ल्या घेऊन गेलो. माझ्या आधी तेथे तीन माणसे येऊन उभी होती. एक वखारवाला, त्याने पावलांनी खोडाची लांबी मोजून भाव सांगितला. दुसरी पाड्यावरची एक वारली आजी. तिच्या हातात कोयता होता, आणि चार दिवसांच्या जळणापुरत्या फांद्या मिळाव्यात एवढेच तिचे मागणे होते. तिसरा आमचाच सातवीतला एक मुलगा. त्याला काहीच नको होते. त्याने फक्त विचारले, "गुरुजी, हे झाड आता कोणाचे?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून लोक मला लेखक म्हणतात. इतिहासकार मात्र कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे हा मास्तराचा धर्म असतो. "सांगतो नंतर," असे म्हणून मी वेळ मारून नेली, आणि त्या नंतरचीच ही हकीकत आहे. वाऱ्याने पाडलेले झाड कोणाचे, हा प्रश्न शोधता शोधता मी वादळांच्या इतिहासात शिरलो, आणि तेथून राखलेल्या रानांच्या इतिहासात जाऊन पोहोचलो.

वादळे आपल्या किनाऱ्याला नवीन नाहीत. अरबी समुद्रात ती वर्षातून दोन हंगामांत उठतात: पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर कोसळलेल्या वादळाची हकीकत पोर्तुगीजांनी लिहून ठेवली आहे. १ नोव्हेंबर १८५४ रोजी मुंबईवर आलेल्या वादळात चार तासांत हजारभर माणसे दगावल्याची नोंद आहे. नोव्हेंबर १९४८ च्या वादळाने मुंबईचे सारे व्यवहार बंद पाडले. अलीकडची तर आपल्या डोळ्यांदेखतची: ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग, आणि हे तौक्ते. ५ डिसेंबर २०१७ रोजी ओखीच्या भयाने आमच्या जिल्ह्यातील शाळांना सुट्टी दिली होती. मुलांना ते वादळ फार आवडले. कारण ते आलेच नाही, आणि सुट्टी मात्र देऊन गेले.

या यादीत एक वादळ मी मुद्दाम घातलेले नाही. ६ जून १८८२ रोजी मुंबईत आलेल्या प्रलयात एक लाख माणसे मेली, असे पुष्कळ पुस्तकांतून छापलेले आढळते. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ माणसांतला एक मेला, आणि त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांना त्याचा पत्ताही लागला नाही! अभ्यासकांनी शोध केला तेव्हा ते वादळ घडलेच नव्हते असे ठरले. कोणीतरी एकदा लिहिले आणि पुढच्यांनी उतरून घेतले. इतिहासातही अशी वावटळ उठते.

खऱ्या वादळांच्या नोंदी वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जुन्या कागदांत बुडालेली गलबते मोजली आहेत, उडालेली छपरे मोजली आहेत, पडलेले माडही मोजलेले आढळतात. ज्याला मालक आहे आणि ज्याची किंमत आहे, ते सर्व मोजलेले. रानात काय पडले, हे सहसा कोणी मोजले नाही. रान पडत होते आणि पुन्हा उठत होते. त्याची फिर्याद घेऊन कचेरीत जाणारा कोणी नव्हता.

रानाला मालक मिळाला तो इंग्रजी अमदानीत. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले आखली गेली, आणि त्यांतील उभ्या झाडाप्रमाणे पडलेले झाडही सरकारी दप्तरात माल म्हणून चढले. ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरसह त्या मोठ्या जिल्ह्यात, लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. राबासाठी पाला तोडावा की नाही, सरपण कोठून आणावे, नांगराला लाकूड कोणी द्यावे, हे त्या वेळचे तंटे. आमच्या शाळेमागच्या आजीच्या हातातला कोयता त्या तंट्यातूनच चालत आलेला आहे.

दुसरीकडे संस्थानिकांची शिकारीची राने होती. जंजिऱ्याच्या नबाबाने मुरूडजवळचे फणसाडचे रान शिकारीसाठी राखले. जुनागढच्या नबाबाने गीरमधले सिंह राखले. हेतू काही असो, राखल्यामुळे राने उरली. पुढे गीर १९६५ मध्ये आणि फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झाले. मधल्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परंतु वाऱ्याने पाडलेल्या झाडाचा प्रश्न पुढेही शिल्लक राहिला. उभे झाड तोडू नये हे सर्वांना पटते. पण पडलेल्याला काय? ते तर मेलेलेच! ते उचलले, विकले, चार पैसे खजिन्यात पडले, तर बिघडले कोठे?

या प्रश्नाला १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेली, रोगट, मरू घातलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेली लाकडे आणि गवत काढून नेण्याचे हुकूम देण्यास त्या आदेशाने मनाई केली. हा आदेश वाचताना मी थबकलो. आमच्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात होते. राखलेल्या रानात वाऱ्याने पाडलेले झाड वखारवाल्याचे नाही, खात्याचेही नाही, ते रानाचेच.

मग मनात आले, की रानाला या मेलेल्या लाकडाचा उपयोग तरी काय? उत्तर सोपे आहे. आपण कधी खाली वाकून पाहत नाही एवढेच. पडलेल्या ओंडक्यात भुंगेरे अंडी घालतात, त्यांच्या अळ्या शोधायला सुतार पक्षी येतो, सालीखाली विंचू आणि पाली राहतात, अळंबी उगवतात, आणि कुजलेला भुगा पुढच्या रोपांचे खत होतो. पडलेल्या फांद्यांच्या जाळीत उगवलेले रोप चरणाऱ्या जनावरांच्या तोंडातून वाचते. जेथे मोठे झाड पडते तेथे आभाळाला भोक पडते, ऊन जमिनीपर्यंत येते, आणि सावलीत वर्षानुवर्षे खुरटून बसलेली रोपे एका पावसात अंग काढतात.

याचा मोठा धडा इंग्लंडला १९८७ मध्ये मिळाला. १६ ऑक्टोबरच्या पहाटे तेथे असे वादळ झाले, की सुमारे दीड कोटी झाडे पडली. लोक हळहळले, आणि हळहळीच्या भरात त्यांनी यंत्रे लावून जमीन साफ केली आणि नवी रोपे लावली. केंट परगण्यात टॉइज हिल म्हणून एक टेकडी आहे; तिथल्या रानाचा काही भाग मात्र जसा पडला तसाच राहू दिला. काही वर्षांनी पाहतात, तो या न आवरलेल्या भागात रान आपले आपण उठलेले! यंत्रांच्या चाकांखाली जी जमीन दबली, तेथे मात्र वादळाइतकीच खराबी आवरणाऱ्यांनी केली होती.

आता उष्ण देशातले उदाहरण पाहू. अटलांटिकच्या बाजूला चक्रीवादळालाच हरिकेन म्हणतात. तेथील पोर्तो रिको बेटावर एल युंके नावाचे पावसाळी रान आहे. स्पेनच्या राजाने ते १८७६ मध्ये राखले. म्हणजे आपल्या जंगल कायद्याहूनही ते दोन वर्षांनी जुने. १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो नावाचे हरिकेन त्या रानावरून गेले. झाडांवर पान राहिले नाही. पण अभ्यासकांनी झाडे मोजत राहून पाहिले, तेव्हा बहुतेक खोडांना पुन्हा पालवी फुटली होती. त्या रानाने हजारो वर्षे वादळेच पाहिली आहेत. उघडे पडणे आणि पुन्हा नेसणे हे त्याच्या अंगवळणी पडले आहे.

येथवर वाचून, "मग वादळाआधी काही करायलाच नको, रान आपले पाहून घेईल," असे कोणी म्हणेल. तसे नाही. झाडाला मुळे आहेत, खोड आहे, ते पुन्हा फुटते. पण जो जीव आधीच मूठभर उरला आहे, त्याला एक वादळही पुष्कळ होते. एल युंकेच्या रानात त्या बेटाचा स्वतःचा हिरवा पोपट राहतो. ह्यूगोने त्याची रानातली संख्या निम्म्यावर आणली. पुढे २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाचे हरिकेन आले आणि त्या रानातले मोकळे पोपट जवळजवळ सगळे गेले. जात नष्ट झाली नाही, त्यात एका तयारीचा मोठा वाटा होता. काही पोपट माणसांनी पिंजऱ्यांत वाढवले होते. वादळाची खबर लागताच त्यांना पक्क्या भिंतींच्या खोल्यांत नेऊन ठेवले. ते वाचले, आणि त्यांच्यापासून पुन्हा रानात पोपट सोडण्याचे काम सुरू झाले.

आपल्याकडे हाच घोर सिंहांचा आहे. साऱ्या आशियात रानातला सिंह उरला तो गीर आणि त्याच्या आसपास. ८ नोव्हेंबर १९८२ च्या सुमारास वेरावळच्या बाजूने चढलेल्या वादळाने गीरमधली लाखो झाडे पाडली, आणि तौक्तेने एकोणचाळीस वर्षांनी तेच पुन्हा केले. बंदरावर धोक्याचा बावटा चढला, की तेथील वनरक्षकांची धावपळ सुरू होते. काही सिंहांच्या गळ्यात बिनतारी पट्टे बांधलेले आहेत. त्यांवरून किनाऱ्याकडचे सिंह कोठे आहेत ते पाहायचे. पाहुण्यांना रान बंद करायचे. करवती, दोर, गाड्यांचे तेल, पिण्याचे पाणी नाक्यानाक्यावर ठेवायचे, कारण झाडे पडून वाटा अडल्यावर कोणी कोणाच्या मदतीला पोहोचू शकत नाही. वारा ओसरला की पहिल्याने वाट मोकळी करायची, आणि मग जनावरांची मोजदाद. तौक्तेत सिंह दगावले नाहीत, असे तेथल्या वनखात्याने जाहीर केले.

त्यानंतरचे काम अधिक लांबणीचे आणि कमी नावाचे असते. पडलेला पाचोळा उन्हाळ्यात वाळला, की एका ठिणगीने वणवा पेटतो. म्हणून जाळरेषा राखाव्या लागतात. आभाळ मोकळे झाले, की रोपांच्या आधी घाणेरी आणि रानमोडी धावून येतात. ती उपटावी लागतात. फणसाडच्या रानात पाण्याच्या जागांना 'गाण' म्हणतात. निसर्ग वादळाने तेथल्या वाटा पडलेल्या झाडांनी अडवल्या होत्या. अशा वेळी गाणीपर्यंत जनावरांची वाट मोकळी असणे हे, पाहुण्यांची वाट मोकळी असण्याहून महत्त्वाचे. आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडासारखा पक्षी उंच झाडावर घरटे बांधतो, वर्षाला एकच अंडे घालतो. त्याचे झाड पडले तर त्याला दुसरे उंच झाड लागते, आणि उंच झाड काही एका पंचवार्षिक योजनेत तयार होत नाही.

म्हणजे वादळाची खरी तयारी बावटा चढल्यावर होत नाही. ती पन्नास वर्षे आधी झालेली असावी लागते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसात महाचक्रीवादळ आले. तेथे भितरकनिकेची तिवरांची राने आहेत. कनिकेच्या राजाच्या जमीनदारीत ती होती, आणि १९७५ पासून अभयारण्य आहेत. पुढे अभ्यासकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा हिशेब मांडला. ज्या गावांच्या पुढे तिवरांचा पट्टा रुंद उरला होता, तेथे माणसे कमी मेली होती. वादळाच्या दिवशी त्या तिवरांसाठी कोणी काही केले नव्हते. कोणीतरी त्या आधी ती तोडली नव्हती, एवढेच. याच ओरिसात ३ मे २०१९ रोजी फणी वादळ आले, तेव्हा पुरीजवळच्या बालुखंड अभयारण्यातली सुरूची बने झोपली. सुरू हे परदेशातून आणून वाळूवर लावलेले झाड. ते वाळू अडवते हे खरे, पण ते सगळे एका जातीचे, एका वयाचे, ओळीने उभे केलेले. पडले तेही ओळीने. आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावरही सुरू आहे आणि खाडीत तिवरेही आहेत. फिरायला येणारे पाहुणे सुरूची छायाचित्रे घेतात. तिवरांकडे मात्र नाक धरून पाठ करतात.

डहाणू तालुका म्हणजे काही अभयारण्य नव्हे. तरीही २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या रक्षणासाठी एक प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी पुष्कळ वर्षे त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे आम्ही एका परीने राखलेल्या प्रदेशातच राहतो. फरक इतकाच, की आमच्या रानात माणसे आहेत, चुली आहेत, आणि त्या चुलींना लाकूड लागते.

येथेच मला तो न्यायालयाचा आदेश पुन्हा आठवतो आणि मन थोडे अडखळते. वाऱ्याने पाडलेले झाड रानाचे, हे भुंगेऱ्याच्या बाजूने खरे आहे. पण जिच्या झोपडीचे छप्पर त्याच वाऱ्याने नेले, त्या बाईने ओल्या घरात चूल कशावर पेटवायची? दूर बसून आदेश वाचणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. पाड्यावर राहणाऱ्याला दुसरा प्रश्नच नसतो. २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात याचा थोडा विचार दिसतो. रानाच्या भल्यासाठीच म्हणून अभयारण्यातून काही काढावे लागले, तर ते आसपासच्या लोकांच्या स्वतःच्या गरजेला द्यावे, व्यापाराला देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे भुंगेरा पहिला, मोळीवाली दुसरी, आणि वखारवाला कोठेच नाही. हा क्रम मला न्यायाचा वाटतो. फक्त तो कागदावर आहे तसाच नाक्यावरही असावा. मोळीवालीला अडवायचे आणि मालमोटारीला सलाम करायचा, असे कोठेही घडू लागले, की लोकांचा रानावरचा जीव उडतो. आणि लोकांचा जीव उडालेले रान कोणत्याही वादळाआधीच पडलेले असते.

शाळेचे मैदान अभयारण्य नव्हते, आणि आमच्या जांभळाला कोणताच आदेश लागू नव्हता. वखारवाल्याचा भाव चांगला होता. शाळेला एक कपाट आले असते. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात ती आजी खोडाच्या बुंध्याशी वाकली, मुळांकडे हात दाखवून म्हणाली, "मास्तर, झाड पडलाय, मेला नाय." पाहिले, तो खरेच एका बाजूची मुळे अजून जमिनीत घट्ट होती. मी मोडलेल्या फांद्या तिला तोडून दिल्या. त्या मुलाने आणि मी मिळून उघड्या मुळांवर माती ओढली. वखारवाला हसत निघून गेला. व्यवहारात त्याचेच खरे होते.

जूनमध्ये पाऊस आला. जुलैत आडव्या खोडावर तांबूस पालवी दिसली. मग त्या खोडावरून चार-पाच धुमारे सरळ आभाळाकडे निघाले. आज ते माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. शाळा उघडल्यावर मुलांनी त्या आडव्या खोडाची घसरगुंडी केली. खोडाच्या मेलेल्या टोकाला भोके पडली आहेत, आणि दुपारच्या सुट्टीत शांत असले की तेथे सुताराची टकटक ऐकू येते.

त्या मुलाला मी उत्तर द्यायचे राहिलेच होते. तो दहावीला बसला तेव्हा भेटायला आला. खोडावर बसला होता. म्हटले, आता सांगावे: १८७८ पासून सगळे सांगावे. पण त्याच्या शेजारी मुंगळ्यांची रांग चालली होती, पलीकडे ती आजी खाली पडलेल्या काटक्या वेचीत होती, आणि तो स्वतः पाय हलवीत बसला होता. मी काही बोललो नाही. प्रश्न त्याच्या ध्यानात होता की नाही, कोण जाणे. उत्तरावर मात्र तो बसलेला होता.